बिजासनची उंची

ओजसनं सुरू केलं आणि बारावीत सोडून दिलं,
तेव्हा ते माझ्याकडे आलं,
जसं त्याचं कासव आलं होतं, मग गिटार.
बँकेतून सहाला परत येते, कुकर लावते
आणि इंदूरचा विमानतळ बांधायला बसते.

विटा नाहीत. वरून काढलेला एक फोटो आहे,
कुठल्याशा मार्चातल्या सकाळी साडेदहाचा,
सावल्यांवरून कळतं.
आणि नेमका सिरपूर तलावावर एक ढग.
तो काढायला मला अकरा रात्री लागल्या.
ढगाखाली पाणी किती, गाळ किती, कोण सांगणार?
रविवारी ऑटो करून गेले,
काठाकाठानं चालत पावलं मोजली.
पाणकावळे पंख पसरून बघत होते.

रस्त्यांवरच्या गाड्या पुसाव्या लागतात,
नाहीतर विमान खाली आलं की त्या दिसतात
लाटलेल्या पापडासारख्या.
एअरपोर्ट रोडवरून मी शेकडो ट्रक पुसले.
एक हातगाडी होती, तिच्यावर हिरवं काहीतरी,
कोथिंबीर असेल, नाहीतर हरभऱ्याचे डहाळे.
तिच्यापाशी जरा थांबले.
मग तीही पुसली.

जुलैत कंपनीनं मूळ सॉफ्टवेअर बदललं, न विचारता.
उघडून बघते तर घरं जमिनीपासून दीड मीटर वर,
गांधीनगर अधांतरी, सुपर कॉरिडॉर अधांतरी,
आणि धावपट्टीच्या मधोमध एक देवदार.
दूर कुठेतरी कुणीतरी ठरवून टाकलंय
की झाड म्हणजे देवदार.

वहिनी म्हणाली, पैसे तरी देतात का?
म्हटलं, नाही.
मग काय, शिव्या?
म्हटलं, त्या देतात. नियमित.
एक जण लिहितो, तुमचा टॅक्सी-वे तीन इंच बुडालाय.
एक लिहितो, फुकट आहे म्हणून काय झालं!
खरंच. फुकट आहे म्हणून काय झालं.

पुढे ऋतूंच्या तक्त्यात माझा एक आकडा चुकला
आणि राजवाड्यावर बर्फ पडला.
सातही मजल्यांवर. सराफ्यावर, छत्र्यांवर,
कृष्णपुऱ्याच्या पुलावर,
रामबागेत आमच्या गच्चीवर, जिथं मी कुरडया घालते.
दोन मिनिटांची दुरुस्ती होती.
मी खोलीतला दिवा मालवला
आणि पहाटे चारपर्यंत, हजार फुटांवरून,
घिरट्या घालत राहिले.
मग आकडा नीट केला. कुणाला सांगितलं नाही.

पोर्तूचा एक ट्रामचालक, दुआर्ते नावाचा,
रोज रात्री इंदुरात उतरतो.
भारतात कधी आलेला नाही, पासपोर्टही नाही.
त्यानं लिहिलं, बाई, ती देवळाची टेकडी
मला बुटकी वाटते.
मी विचारलं, कशावरून?
म्हणाला, माहीत नाही. ट्राम चालवणाऱ्याला चढ कळतो.

चार दिवस राग आला.
आकडे सरकारी होते, तीनदा तपासलेले.
पाचव्या दिवशी बिजासनला गेले,
देवीची ओटी भरली
आणि पर्समधून उंची मोजायचं यंत्र काढलं.
पुजारी म्हणाला, क्या नाप रही हो, ताई?
म्हटलं, टेकरी.
म्हणाला, माता की है, जितनी है उतनी है.

खाली विमान उतरलं, खरंखुरं,
चाकांशी धुराचा एक टिपका उठला आणि विरला.
तो धूर मला अजून जमत नाही.
रांगेतलं एक पोर आईच्या खांद्यावरून
विमानाला टाटा करत होतं.
पोरं मी ठेवलेलीच नाहीत कुठे.

टेकडी माझीच बुटकी निघाली.
दोन मीटर चाळीस.
वहीत नोंदलं, पुढे दुआर्तेचं नाव लिहिलं,
आणि प्रसादाचं खोबरं चघळत पायऱ्या उतरले.
मोजल्या नाहीत असं नाही.